झोंबी चालतो की पळतो?

काय दोस्तमंडळी, मधल्या सुट्टीची घंटा झाली ना? मग डबे उघडा आणि खाता खाता ऐका. आज तुम्हांला एका भांडणाची गोष्ट सांगणार आहे.

आमची शाळा विठ्ठलवाडीला. कल्याणहून कर्जतच्या बाजूची लोकल पकडली की पहिलंच स्टेशन. शाळेचं मैदान काही फार मोठं नाही. एका बाजूला व्हरांडा आणि त्याचे चार खांब, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी आणि तिचे नळ, आणि मधे जेवढी जागा उरते तेवढ्यात पहिली ते चौथीची सगळी पोरं! लंगडी, साखळी, विषामृत असे खेळ तिथे चालतात. मध्यंतरी त्यांत एका नव्या खेळाची भर पडली. नाव 'झोंबी-झोंबी'.

तुम्ही म्हणाल, ही तर साखळीच! अगदी बरोबर. एकावर राज्य येतं, तो ज्याला शिवेल तोही झोंबी होतो, झोंबी वाढत जातात आणि शेवटी एकच गडी उरतो. फरक एवढाच, की साखळीत हात धरायचे असतात आणि इथे हात पुढे करून, मान वाकडी करून 'आँऽऽऽ' करायचं असतं.

तर एके दिवशी चौथीची सात-आठ पोरं तावातावाने माझ्याकडे आली.

"बाई, झोंबी पळत नाही ना? चालतोच ना? माझे बाबा म्हणाले, झोंबी मेलेला असतो. मेलेला माणूस पळेल कसा?"

"बाई, हा काहीही सांगतो! डोंबिवलीच्या पिक्चरमध्ये झोंबी पळतात. मी स्वतः बघितलंय, काकाच्या मोबाईलवर!"

आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. बाईंना सगळं ठाऊक असतं असा मुलांचा समज असतो. चौथीपर्यंत तो टिकतो. मी आपली म्हटलं, "उद्या सांगते."

या घोळक्याच्या मागे एक मुलगा उभा होता. त्याला पळलं की दम लागतो. दप्तरात त्याचा पंप असतो, आणि केव्हा थांबायचं हे त्याला नीट कळतं. त्यामुळे पळापळीचा खेळ सुरू झाला की तो व्हरांड्याच्या पायरीवर बसतो आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळतो. त्याने काही विचारलं नाही, नुसता कान देऊन उभा होता. झोंबी चालतो की पळतो, यावर त्या मुलाचं काय अवलंबून होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आधी एक गंमत सांगते. वर्गातल्या एका पठ्ठ्याला आजोबांच्या कपाटात 'झोंबी' नावाचं जाडजूड पुस्तक सापडलं. भूत बाहेर येईल म्हणून दिवसाउजेडी, आजीला शेजारी बसवून त्याने ते उघडलं. आत एकही भूत नाही! ते होतं आनंद यादवांचं 'झोंबी'. १९८७ साली आलेलं आणि १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं. शाळा शिकता यावी म्हणून घरच्या गरिबीशी आणि खुद्द वडिलांशी झगडणाऱ्या एका खेड्यातल्या मुलाची ती गोष्ट. आपल्या मराठीत झोंबी म्हणजे झटापट. झोंबाझोंबी म्हणतो ना आपण, ती. थंडीतला वारा झोंबतो, मिरची झोंबते, ती सगळी याच घरातली मंडळी.

परदेशातून आलेला झोंबी मात्र वेगळा. तो आला हैतीहून. नकाशात कॅरिबियन समुद्र शोधा, क्यूबाच्या पूर्वेला हा देश सापडेल. फ्रेंच लोकांनी आफ्रिकेतून माणसं धरून नेली आणि तिथल्या उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबवली. त्या गुलामांनी बंड केलं आणि १८०४ साली देश स्वतंत्र केला. त्यांच्या गोष्टींतला झोंबी कुणाला चावत नाही, खात तर नाहीच नाही. मांत्रिक मेलेल्या माणसाला उठवतो आणि शेतात कामाला जुंपतो, एवढंच. जन्मभर राबलेल्या माणसाला वाटायचं, मेल्यावर तरी सुटू. आणि मेल्यावरही मालक उठवून कामाला लावणार असेल तर? ती त्यांची भीती होती. १९३२ साली अमेरिकेत 'व्हाइट झोंबी' नावाचा सिनेमा आला. त्यातही झोंबी साखरेच्या कारखान्यात मुकाट्याने काम करताना दिसतात.

मग माणसांच्या मागे लागणारा झोंबी आला कुठून?

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात जॉर्ज रोमेरो नावाचा तरुण मित्रांबरोबर जाहिराती बनवण्याचं काम करायचा. 'मिस्टर रॉजर्स' नावाचा लहान मुलांचा टीव्हीवरचा कार्यक्रम तिकडे फार लाडका होता. त्यासाठीही रोमेरोने छोट्या फिल्म काढल्या होत्या. म्हणजे बघा, जगाला झोपेतून दचकवून उठवणारा हा माणूस आधी मुलांच्या कार्यक्रमाला होता! या मंडळींनी १९६८ साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा सिनेमा काढला. नावाचा अर्थ, जिवंत मृतांची रात्र. खर्च सुमारे १,१४,००० डॉलर. सिनेमाच्या मानाने किरकोळच. चित्रण कृष्णधवल. त्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेटचं सरबत वापरलं तरी कुणाला पत्ता लागला नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. बार्बरा नावाची मुलगी भावाबरोबर स्मशानात वडिलांच्या थडग्यावर फुलं वाहायला येते. लांबून एक माणूस झुलत झुलत चालत येतो. भाऊ बहिणीला चिडवतो, "तो बघ, तुला धरायला येतोय!" आणि तो खरंच धरायला येतो. बार्बरा पळत सुटते आणि शेतातल्या एका रिकाम्या घरात शिरते. पाठोपाठ बेन नावाचा माणूस येतो. तळघरात आणखी काही माणसं लपलेली असतात. सगळी मिळून सात माणसं, एक घर, आणि बाहेर उठलेली प्रेतं.

आता नीट ऐका, कारण आमच्या भांडणाचं उत्तर इथे आहे. ही प्रेतं चालतात, आणि अगदी सावकाश चालतात. एकटं-दुकटं असेल तर तुम्ही त्याला ढकलून पुढे जाल. विस्तवाला ती घाबरतात. मग घरातल्यांचं इतकं वाटोळं का होतं? बेन म्हणतो, वरच राहू, दारं-खिडक्यांवर फळ्या ठोकू. तळघरातला कूपर म्हणतो, खालीच राहू, दाराला आतून कडी घालू. रात्रभर दोघांचं वाजतं. कुणाचंच कुणी ऐकत नाही. बाहेरचे हळूहळू येतच असतात, आणि आतले वेळ घालवत असतात. यात आणखी एक खोच आहे. शेवटी ज्याचा जीव रात्रभर वाचतो तो बेन, आणि वाचतो कुठे? तळघरात! म्हणजे तो चिडका, स्वार्थी कूपर निदान जागेच्या बाबतीत तरी बरोबर होता. मला हे फार आवडतं. आपल्याला न आवडणारा माणूस बरोबर असू शकतो, हे दाखवणारे सिनेमे थोडे.

आणि सकाळ झाल्यावर? बंदुका घेऊन गावकरी मदतीला येतात, खिडकीत बेनला बघतात, तोही त्यातलाच असं समजतात आणि गोळी झाडतात. बेनचं काम केलं होतं ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने. भूमिका काही कृष्णवर्णीय माणूस म्हणून लिहिलेली नव्हती. सगळ्यांत चांगला अभिनय त्याने करून दाखवला म्हणून त्याला घेतलं. पण त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची गोळी घालून हत्या झाली होती. काही महिन्यांनी, ऑक्टोबरात, सिनेमा लागला. तेव्हा तो शेवट पाहताना लोकांना काय वाटलं असेल, विचार करा.

(आईबाबांसाठी एक ओळ. हा सिनेमा लहान मुलांना दाखवू नका. त्या वेळी अमेरिकेत वयाप्रमाणे प्रमाणपत्र द्यायची पद्धत सुरू व्हायची होती, ती १ नोव्हेंबर १९६८ ला झाली. त्यामुळे दुपारच्या खेळाला लहान पोरंही जाऊन बसली. रॉजर एबर्ट या समीक्षकाने ते पाहिलं आणि लिहून ठेवलं, की आधी मजेत ओरडणारी मुलं नंतर चिडीचूप झाली आणि काही रडायला लागली. म्हणून तर मी सांगतेय, दाखवत नाहीये.)

आणखी एक मजा. या अख्ख्या सिनेमात 'झोंबी' हा शब्द एकदाही नाही! ते त्यांना पिशाच्च म्हणतात. झोंबी हे नाव लोकांनी नंतर चिकटवलं, ते आजतागायत.

मग ही पिशाच्चं जगभर पोचली कशी? एका चुकीने. सिनेमाचं आधी वेगळं नाव ठरलं होतं. ऐनवेळी नाव बदललं, नवी पाटी लावली, आणि जुन्या पाटीबरोबर 'हक्क आमचे' ही ओळही गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नसली तर हक्कच नाहीत! झालं, सिनेमा सगळ्यांचा. कुणीही तो दाखवावा, कॅसेट काढून विकावी, रोमेरोला दमडी देऊ नये. चांगलं अक्षर काढून उत्तरपत्रिकेवर नाव घालायचं विसरता ना तुम्ही, तसंच! बिचाऱ्याचं नुकसान झालं, पण सिनेमा घरोघर गेला. चावलं की लागण, झुंडीने येतात, बोलत नाहीत, हे सगळं लोकांच्या डोक्यात तिथून बसलं.

१९९० साली या मंडळींनी तोच सिनेमा पुन्हा काढला. या वेळी रंगीत. पटकथा स्वतः रोमेरोची, दिग्दर्शन टॉम सॅव्हिनी यांचं. मूळ सिनेमाचे हक्क हातचे गेलेले, निदान नव्याचे तरी राहतील, असाही हिशोब त्यात होता. घर तसंच, माणसं तीच, वर की खाली हे भांडणही तेच. झोंबी पूर्वीपेक्षा कितीतरी सफाईने रंगवलेले. पण माझं विचाराल तर मला जुनाच जास्त भितो... म्हणजे मीच त्याला जास्त भिते! रंगीत सिनेमात रंगरंगोटी दिसते. काळ्या-पांढऱ्यात लांबून येणारा माणूस साधा गावकरी आहे की दुसरं काही, हेच कळत नाही.

नव्या सिनेमात बदलली ती बार्बरा. जुन्यातली बार्बरा भावाचं ते पाहून अशी थिजते, की रात्रभर सोफ्यावर बसून राहते. १९९० ची बार्बरा रडते, ओरडते आणि मग उठते. खिडकीतून बाहेर बघते आणि म्हणते, अहो, हे किती हळू चालतात, आपण यांच्यामधून सरळ चालत निघून जाऊ शकतो! इतकी साधी गोष्ट. जुन्या सिनेमात ती कुणाच्याच तोंडी आली नव्हती. बाकीचे ऐकत नाहीत, भांडत बसतात. ती मात्र शेवटी बाहेर पडते आणि खरंच झोंबींच्या मधून वाट काढत जाते. बावीस वर्षांनी आपल्याच गोष्टीत राहिलेलं उत्तर लेखकाने स्वतः लिहिलं. मला वाटतं, जुनी गोष्ट पुन्हा सांगायची तर अशासाठी सांगावी.

आता पळणारे झोंबी. रोमेरोचाच १९७८ चा दुसरा सिनेमा होता 'डॉन ऑफ द डेड'. त्यात माणसं मोठ्या मॉलमध्ये लपतात आणि झोंबीही तिथेच घुटमळतात. जिवंतपणी खरेदीला यायची सवय, दुसरं काय! २००४ साली झॅक स्नायडर यांनी तो नव्याने काढला आणि त्यांचे झोंबी सुसाट पळायला लागले. त्याआधी २००२ साली '२८ डेज लेटर' या इंग्लंडमधल्या सिनेमात पळापळ झाली होती, पण तिथली माणसं मेलेली नव्हती; त्यांना रोगाची लागण झाली होती. जिवंत आहेत म्हटल्यावर पळणारच. स्नायडर यांनी मेलेल्यांनाच पळवलं. रोमेरोंना ते कधी पटलं नाही. मेलेलं शरीर पळायला लागलं तर घोट्यातून मोडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे आमच्या वर्गातल्या त्या मुलाचे बाबा आणि रोमेरो एकाच पक्षाचे! रोमेरो २०१७ साली वारले. त्यांच्या सिनेमातले झोंबी शेवटपर्यंत चालतच राहिले.

पळणाऱ्या झोंबींचा सिनेमा बघताना छाती धडधडते, हे कबूल. कुणी डोळ्यांची पापणी लवू देत नाही. पण मग आतल्या माणसांना भांडायला वेळच मिळत नाही. सगळे नुसते पळतात. सावकाश येणारं संकट असेल तर माणूस कसा वागतो, हे बघायला मिळतं. धावत येणारं असेल तर फक्त कोण किती जोरात पळतो ते कळतं.

बरं, आता घरी येऊ. विठ्ठलवाडीहून उलट्या दिशेने गेलं की कल्याण, ठाकुर्ली, आणि तिसरं स्टेशन डोंबिवली. २६ जानेवारी २०२२ ला तिथल्या झोंबींचा मराठी सिनेमा आला, 'झोंबिवली'. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. होय, 'मुंज्या' काढणारे तेच. हा काही रोमेरोच्या सिनेमाचा रीमेक नाही; गोष्ट पूर्णपणे नवी आहे. पण नियम त्याच पिट्सबर्गच्या घरातले. परदेशी भुताला इथे आणून मराठी शिकवण्याची आपली पद्धत तशी जुनीच. १९९३ च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू आठवतो? अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ च्या सिनेमातल्या खुनशी बाहुल्याची कल्पना घेतली, रामदास पाध्ये यांनी बाहुला केला आणि महेश कोठारे यांनी त्याला असा काही मराठी बनवला, की लहानपणी कितीतरी दिवस मी माझी बाहुली कपाटात ठेवून कपाटाला कडी घालत असे.

'झोंबिवली'त सुधीर नावाचा इंजिनिअर (अमेय वाघ) आणि त्याची बायको सीमा (वैदेही परशुरामी) डोंबिवलीत मोठ्या सोसायटीत राहायला येतात. भिंतीपलीकडे जनतानगर नावाची वस्ती. तिथला विश्वास (ललित प्रभाकर) वस्तीसाठी भांडणारा. भांडण कसलं? पाण्याचं! सोसायटीत पाणी आहे, वस्तीत नाही. सुधीरची नोकरीही पाण्याच्याच कंपनीत. मग झोंबी येतात. ते चांगले अंगावर धावून येतात, म्हणजे भांडणातली ती मुलगी बरोबर होती. सिनेमा हसवतोही पुष्कळ. मधेच तो इतका गमतीत येतो की भीती पळून जाते, हे मात्र मला जरा खटकलं. सिद्धार्थ जाधव झोंबींबरोबर नाचतात तेव्हा तर भ्यायचं की ताल धरायचा तेच समजत नाही.

पण एक गोष्ट या सिनेमाने अचूक उचलली. रोमेरोच्या घरात वर की खाली यावरून भांडण होतं. डोंबिवलीत तेच भांडण भिंतीच्या अलीकडे की पलीकडे यावर आलं. पळणारे झोंबी घेऊनही माणसांचं भांडण त्यांनी सोडलं नाही. आणि तेही पाण्यावरून! अमेरिकेतल्या शेतावर बसून हे सुचलं नसतं. त्यासाठी पहाटे साडेचारला उठून हंडे-कळश्या लावलेल्या असाव्या लागतात, टँकर आला की जिन्यावरून धावलेलं असावं लागतं. आमच्या वर्गात एकाच बाकावर एक मुलगी टॉवरमधली बसते आणि एक वालधुनीच्या काठच्या वस्तीतली. "आज पाणी आलं नाही" हे वाक्य दोघींच्या तोंडून येतं, पण दोघींचा अर्थ एक नसतो. शिवाय ज्या डोंबिवलीने २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस आणि २०२० च्या फेब्रुवारीत गुलाबी झालेला रस्ता पाहिला, तिथे कारखान्यांमुळे काहीतरी भलतंच घडलं असं सांगितलं तर प्रेक्षक मान डोलावतोच.

फक्त एक चुटपुट लागून राहते. आपली भुतं बोलतात हो! वेताळ बघा. झाडावर लटकलेल्या प्रेतात तो शिरतो, म्हणजे तोही एक प्रकारचा उठलेला मुडदाच. पण विक्रमाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगतो आणि वर कोडं घालतो. मुंजाला सोडमुंज हवी असते, हडळीची काही तक्रार असते. प्रत्येकाला काहीतरी हवं असतं आणि ते सांगता येतं. झोंबीला तोंड असून बोलता येत नाही. डोंबिवलीतला एखादा झोंबी क्षणभर थांबून म्हणाला असता, "आमच्या नळाला पाणी कधी येणार?" तर? मी तर खुर्चीतच उडाले असते.

असो. दुसऱ्या दिवशी वर्गात मी एवढंच सांगितलं, की जुना झोंबी चालतो, नवा पळतो, आणि दोन्ही खरे. मग मधल्या सुट्टीत पोरांनी जुना खेळ लावला. व्हरांड्याचे चार खांब म्हणजे घर. आत सात जण, सिनेमातल्यासारखे. झोंबींनी पावलाला पाऊल लावून चालायचं. घराला दोनच वाटा, म्हणजे अडवायला सोपं. पण आत लगेच सुरू झालं, "तू इकडे उभा राहा." "मी का? तू राहा!" दोघं तर पायरीवर चढून बसले आणि कुणाला चढू देईनात. पाच मिनिटांत सातही जण झोंबी! आमचा बाटल्या सांभाळणारा त्या दिवशी पहिल्यांदा झोंबी झाला होता. त्याने एकट्याने तिघांना शिवलं. वर्गात आल्यावरसुद्धा तो मान वाकडी करूनच बसला होता.

मला वाटलं, झालं काम! कसलं काय. दोन दिवसांनी पुन्हा पळणारे झोंबी सुरू. पळण्यात जी मजा आहे ती चालण्यात नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलाला 'पळू नकोस' सांगून काय उपयोग? तो पुन्हा पायरीवर, शेजारी बाटल्यांची रांग. मला काही ते बघवेना. 'आजपासून हळूच खेळायचं' असा बाईंचा नियम काढायला मी तोंड उघडणार, इतक्यात तो उठला. बाटल्या एकेक करून पिशवीत भरल्या, पिशवी घेऊन सावकाश मैदानाच्या कडेने चालत गेला आणि नळांसमोर जाऊन उभा राहिला. बाटल्यांची पिशवी पाठीमागे ठेवली. दोन्ही हात पुढे केले.

"मी अडुसष्टचा झोंबी आहे!" तो ओरडला. "मी चालणार!"

पोरं हसली आणि पळत राहिली. ऊन होतं. पाच मिनिटं गेली. मग पहिला आला, घामाघूम, बाटली घ्यायला. टक्! झोंबी. मग दुसरा. मग दोघी एकदम. एकीने नळाकडून वळसा घातला, तर तो दोन पावलं बाजूला सरकला, बस्स. शेवटी उरली ती भांडणारी मुलगी, झोंबी पळतात म्हणणारी. सगळ्यांत चपळ. कुणाच्या हाती लागली नव्हती. ती नळापासून दहा पावलांवर उभी, जीभ कोरडी पडलेली, आणि समोर तो, हात पुढे करून, जागचा हलत नाही.

"बाई, ही चीटिंग आहे! झोंबी पाण्यापाशी थांबतात का कधी?"

मी उत्तर देणार तोच घंटा झाली. त्याने पिशवीतून तिची बाटली काढली आणि तिच्या हातात दिली.

"उद्या मी बाटली कमरेला बांधून येणार," ती घटाघटा पाणी पिऊन म्हणाली.

"ये की," तो म्हणाला. "बांधून पळता येतं का बघू."

तुमच्या शाळेतले झोंबी चालतात की पळतात? आणि काय काय नियम आहेत? पत्रात लिहून कळवा. सगळ्यांत भन्नाट नियम आमच्या मैदानावर खेळून बघू.

— तुमच्या बाई